दहावी गाठ

“सैल राहू दे, पोरी. वायर आहे ती, वेणी नव्हे. लोंबू दे तिला. वेडीबागडी दिसली तरी वर कुणी बघायला येणार नाहीये.”

मास्टर गेबहार्ड रुंडेल यांनी हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. आज एक्कावन्नची आहे. त्यांनी मला शेकडो गोष्टी शिकवल्या, पण झोपेतून उठवून कुणी विचारलं तर हीच आधी आठवेल. आणि नेमकी हीच मी मोडली.

आमचा कारखाना सरोवराच्या काठी आहे. उपग्रहांवर बसणारे कॅमेरे आम्ही तिथे जोडतो. माझं काम वायरींचं. सुट्या वायरी एकत्र घेऊन त्यांचा जुडगा करायचा आणि मेण लावलेल्या दोऱ्याने ठरावीक अंतरावर गाठी मारत तो बांधायचा. एवढी यंत्रं आली तरी हे काम अजून बोटांनीच होतं.

माझी बोटं आईने घडवली. ती मठासाठी सोन्याच्या तारेचं काम करायची. संतांच्या अस्थीचा एखादा कण मखमलीवर ठेवून त्याच्याभोवती केसाएवढ्या तारेची पानंफुलं गुंफायची. सात वर्षांची असल्यापासून मी तिच्या टेबलाशी बसले. त्या कामाचा नियम एकच: मोकळं टोक दिसता कामा नये. मोकळं टोक म्हणजे आळस, आणि आळस देवाला दिसतो, असं आई म्हणायची.

मास्टरांचं काम पायांचं. उपग्रहाच्या पोटात जड चाकं फिरत असतात, त्यांच्या जोरावर तो वरती अंग वळवतो. ती चाकं कितीही निगुतीने केली तरी गुणगुणतातच. हात ठेवला तर हाताला कळणार नाही, इतकं ते बारीक असतं. पण शेकडो किलोमीटरवरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला तेवढं पुरतं. म्हणून कॅमेरा उपग्रहावर घट्ट आवळत नाहीत, चार पायांवर ठेवतात. प्रत्येक पायात एक स्प्रिंग आणि मधासारखं दाट तेल. उड्डाणाच्या वेळी पायांना कुलपं असतात. वर पोचल्यावर ती उघडतात, आणि मग चाकांची थरथर पायात शिरते ती तेलातच विरते. कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही.

“झोपलेलं पोर बाबागाडीतून दगडी रस्त्यावरून न्यायचंय,” मास्टर नव्या माणसांना सांगायचे. “गाडीला स्प्रिंग मी छान लावल्यात. आणि तुम्ही काय केलंत, तर पोराचा हात चाकाच्या दांडीला बांधलात. मग पोर उठणार नाही तर काय?”

तो हात म्हणजे आमच्या वायरी. कॅमेऱ्याला वीज लागते, त्याने पाहिलेलं खाली पाठवावं लागतं, म्हणून उपग्रहातून कॅमेऱ्यात वायरी जाणारच. त्या जिथे पायांची फट ओलांडतात तिथे वीतभर सैल फास ठेवायचा. वायर ताणली किंवा कुठे बांधली गेली, की थरथर पाय सोडून वायरीवरून चालत जाते.

माझा एक नेम आहे. एकोणिसाव्या वर्षी, आईच्या आजारपणात घेतलेला. रोज सकाळी मठात सातची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, आणि दिवसभरात एक पुरी जपमाळ. दहा-दहा मण्यांचे पाच फेरे, दर मण्याला येशूच्या आईची, मरियेची, एक प्रार्थना. क्लीन रूममध्ये, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशा दालनात, माळ नेता येत नाही, म्हणून मी गाठींवर जप करायची. एक गाठ, एक प्रार्थना. दहा गाठी झाल्या की एक फेरा. हे कारखान्यात कुणाला माहीत नव्हतं. मास्टरांना मात्र कळलं.

“मास्क हलतोय तुझा. कुणाशी बोलतेस?”

“मरियेशी, मास्टर.”

“मग विचार तिला, तेलाचा डबा वेळेवर येईल का. खरेदीवाले काही सांगत नाहीत.”

पुढे कितीतरी वर्षं ते दर काही दिवसांनी विचारायचे, “काय म्हणते वरची साहेबीण?” आणि मी मास्कआड हसायची.

ती गोष्ट सहा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली. गुरुवार होता. कॅमेरा पायांवर बसला होता आणि मी मागच्या डाव्या पायाजवळचा तिसरा जुडगा बांधत होते. ड्रॉइंगवर फासाच्या अलीकडे नऊ गाठी होत्या. दोऱ्याचे तुकडे आम्हाला मोजून मिळतात. मला दहा मिळाले होते. नऊ कामाचे, एक जादा. जादा तुकडा उरला तर परत द्यायचा, खराब झाला तर तसं वहीत लिहायचं. क्लीन रूममधून एक धागा हरवून चालत नाही.

नवव्या गाठीला माझी नववी प्रार्थना झाली. फेरा अपुरा होता. हातात दहावा तुकडा होता, आणि समोर ब्रॅकेटला एक रिकामं भोक होतं, फासाच्या अगदी शेजारी. तो फास मला सकाळपासून खुपत होता. आईच्या टेबलावर असा फास दिसला असता तर तिने माझ्या बोटांवर पट्टी मारली असती.

मी दहावी गाठ मारली. फास त्या भोकाशी बांधला गेला. वीतभराचा फास चार बोटांवर आला. दिसायला मात्र फार सुरेख दिसला.

मला तेव्हाही ठाऊक होतं की ती गाठ ड्रॉइंगवर नाही. मनात म्हटलं, फेरा पुरा करू, जेवून आल्यावर कापून टाकू. पण जेवून आले तर कॅमेऱ्यावर उष्णता अडवणारं सोनेरी पांघरूण चढवणाऱ्या दोघीजणी आधीच कामाला लागल्या होत्या. एक बाजू झाकून झाली होती. मास्टर घाईत होते, त्यांना तीनला दुसऱ्या इमारतीत जायचं होतं.

“पहिला जुडगा बघितला. दुसरा बघितला. तिसरा?”

“ड्रॉइंगप्रमाणे,” मी म्हटलं.

त्यांनी वाकून बघितलं नाही. माझं काम त्यांना कधी वाकून बघावं लागलं नव्हतं. सतरा नंबरचा त्यांचा तपासणीचा शिक्का कागदावर उठला. संध्याकाळी वहीत मी लिहिलं: जादा तुकडा खराब झाला, टाकला. पाचच शब्द म्हटले तर, पण जन्मात पहिल्यांदा मी कागदावर खोटं लिहिलं होतं. घरी जाताना मी स्वतःची समजूत घातली, चार बोटं तरी सैल आहेच की.

कॅमेरा सगळ्या परीक्षांतून पार पडला. उड्डाणासारखे हादरे देणाऱ्या टेबलावर तर पायांना कुलपंच असतात. नंतर कुलपं काढून, दोरांवर टांगून एक नाजूक चाचणी झाली, पण आमच्या दालनाची जमीनच रस्त्यावरच्या ट्रकांनी जरा हलते. त्या हलण्यात बाकीचं हलणं दिसलं नाही.

पुढच्या वर्षी तो वर गेला. कुलपं उघडली. पहिली छायाचित्रं आली तेव्हा सगळ्यांनी केक कापला. मग महिन्याभराने आमच्याच सरोवराचं एक चित्र आलं. काठावरच्या बोरूच्या झुडपांची रेघ दुहेरी होती. पलीकडच्या तीराकडे निघालेल्या फेरीबोटी दोन होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. एका चाकाने ठरावीक वेग गाठला की कॅमेरा थरथरतो, असं निघालं. पाचातलं एक चित्र टाकून द्यावं लागत होतं.

चौकशी समिती बसली. अहवाल मांडायला आमच्या मुख्य अभियंता डॉक्टर वीबके हार्म्स उभ्या राहिल्या. त्या उत्तरेकडच्या, समुद्राकाठच्या. दुपारी तीनलाही ‘मोइन’ म्हणून सुप्रभात करतात, त्यावरून कारखान्यात त्यांची टिंगल चालते, पण बाई सरळ आहे. त्यांनी भिंतीवर आलेख दाखवला. म्हणाल्या, थरथर एकाच दिशेने आहे, आडवी, मागच्या डाव्या पायाच्या रेषेत.

मी शेवटच्या खुर्चीवर होते. हात मांडीवर होते. उजव्या अंगठ्याच्या पेराला ती गाठ जशीच्या तशी जाणवली, दोरा आवळताना जाणवते तशी.

अहवालात शेवटी लिहिलं होतं: संभाव्य कारण, मागील डाव्या पायातील तेलात हवेचा बुडबुडा. हातकामातील त्रुटी.

तेल मास्टर भरायचे. एकेका पायाला तीन-तीन दिवस लावून, पंपाने हवा ओढत, भिंगातून बघत. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून बुडबुडा राहिला नव्हता. ते उठून उभे राहिले, म्हणाले, “माझ्या तेलात बुडबुडा नाही,” आणि खाली बसले. समितीतले एक गृहस्थ मवाळपणे म्हणाले, “रुंडेल, तो वर आहे. आता उघडून बघता येणार नाही, नाही का?”

तेव्हा मी उठायला हवं होतं. मी उठले नाही. मनातल्या मनात जप सुरू केला.

महिन्याभरात त्यांच्याकडून सतरा नंबरचा शिक्का काढून घेतला. दीड वर्ष नोकरी बाकी होती. तब्येतीचं कारण देऊन त्यांनी ती सोडली. मी पापकबुली केली. फादर म्हातारे होते, त्यांना उपग्रहातलं काही कळलं नसावं, पण म्हणाले, “क्षमा देव करतो, मुली. पण ज्याचं नुकसान तुझ्या गप्प बसण्याने झालं, त्याच्यासमोर तुला तोंड उघडावं लागेल.” मी मान डोलावली. मग दर शुक्रवारी मास्टरांच्या घरी पाव नेऊ लागले.

खरंच. तेवढंच केलं. आमच्याकडे लांबट, जिरं आणि जाडं मीठ लावलेला पाव करतात. तो कामावरून आल्यावर भाजायचा, कापडात गुंडाळायचा आणि सायकलवरून टेकडीवरच्या त्यांच्या गावात नेऊन द्यायचा. जोडीला त्यांच्यासाठी रोज एक फेरा जास्तीचा. चार वर्षं झाली. दोनशेच्या वर शुक्रवार. त्यांतल्या एकाही शुक्रवारी मी तोंड उघडलं नाही.

गावात त्यांचं नाव बुडबुडा पडलं होतं. खानावळीतल्या त्यांच्या नेहमीच्या टेबलावरचे लोक म्हणायचे, “अरे बुडबुडा आला! याला सोडा द्या रे, घरच्यासारखं वाटेल.” पहिले काही दिवस ते हसले. मग त्यांनी तिथे जाणं सोडलं.

गेल्या शुक्रवारी डॉक्टर हार्म्स माझ्या टेबलापाशी आल्या. पहिल्या कॅमेऱ्याचा जुळा भाऊ आता आमच्या दालनात उभा राहतोय.

“मोइन, आफ्रा. जुळ्याच्या वायरी तुम्हीच बांधायच्या, बरं का. दुसऱ्या कुणाच्या हाती मी देणार नाही.”

“पाय कधी बसणार?”

“तेलाचे पाय रद्द. सोमवारी सकाळी आठला सही करतेय. आता आत धातूच्या जाळीचे पाय. तेल नाही, बुडबुडा नाही, भानगड नाही.”

“जाळीचे पाय तेवढे मऊ नसतात,” मी म्हटलं.

“नसतात. चित्र कायमच जरा कमी स्वच्छ येईल. पोराला जन्मतःच चष्मा म्हणायचा. पण रुंडेलांचे सहा जोड गोदामात पडलेत, त्यांतल्या कशावर भरवसा ठेवू? मोडीत काढतोय सगळे.” त्या थांबल्या. “माणूस चांगला होता हो. वाईट वाटतं.”

त्या संध्याकाळी मी पाव नेला नाही. पीठ मळलं आणि तसंच ठेवलं. शनिवारी रात्री ते फुगून टोपाबाहेर आलं होतं. ते पुन्हा मळून भाजलं, आणि काल, रविवारी, मिस्सा झाल्यावर टेकडी चढले.

मास्टरांची बायको, रोझली, अंगणात टपात सफरचंदं धूत होती. रसाचे दिवस आहेत. मला बघून तिने हात झटकले.

“या, संतबाई! शुक्रवारचा पाव रविवारी? स्वर्गातलं घड्याळ बंद पडलं की काय?”

“उशीर झाला.”

“इथे कुणाला घाई आहे. आमचे साहेब बसलेत मागे, नळी नाकाला लावून. हवा नको तिथे राहिली म्हणून नोकरी गेली, आता हवी तिथे मिळत नाही. देवाचा विनोद बघ.” ती जोरात बोलली, आत ऐकू जावं म्हणून. आतून मास्टरांचा खोकला आला आणि मग आवाज, “रोझली, सफरचंदं धू!”

ते गोठ्याच्या मागच्या बाकावर, उन्हात बसले होते. फार वाळले होते. नाकाला नळी, पायाशी प्राणवायूची टाकी. मांडीवर काचेचा एक पाय होता. पाय भरायला शिकवताना दाखवण्यासाठी त्यांनी तो फार पूर्वी केला होता, बाहेरून काच, आत तेल आणि एक लोखंडी गोळी.

“बस, पोरी. हे बघ.” त्यांनी पाय उलटा केला. गोळी सावकाश, अगदी सावकाश तेलातून उतरू लागली. “आठ वर्षं झाली भरून. दिसतो कुठे बुडबुडा?”

“नाही, मास्टर.”

“नीट बघ. तुझे डोळे चांगलेत.”

“नाही आहे.”

“दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, नाताळचं झाड बघशील, पुढे वसंतातल्या ईस्टरची अंडी सोड. मी म्हटलं, अंडी मला तशीही आवडत नाहीत.” ते हसले आणि खोकले. गोळी तळाला टेकेपर्यंत आम्ही दोघंही तिच्याकडे बघत होतो.

मग मी बोलले. कसं सुरू केलं आठवत नाही. “तिसरा जुडगा,” एवढं म्हटलं, आणि मग सगळं आलं. नऊ गाठी, अपुरा फेरा, रिकामं भोक, जेवून आल्यावर कापणार होते ते, ड्रॉइंगप्रमाणे म्हणाले ते, वहीत लिहिलं ते. माझा आवाज मुळातच लहान. दोनदा त्यांना कान पुढे करावा लागला.

माझं संपलं. त्यांनी काचेचा पाय पुन्हा उलटा केला.

“माहीत आहे मला,” ते म्हणाले.

त्यांनी काच उन्हाकडे धरली.

“बुडबुडा असता, तर थरथर मोठी झाली असती. चाकाच्या नेहमीच्या वेगालाच मोठी. ही थरथर तो वेग सोडून वरच्या वेगाला गेली होती. म्हणजे कुठेतरी काहीतरी ताठ झालं होतं. घरी बसून दुसरा उद्योग काय मला? महिना लागला कळायला.” त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून घडी पडलेलं एक छायाचित्र. “मग हे मिळालं. पांघरूणवाल्या बायका दर टप्प्याला फोटो काढतात ना. त्यांच्यातल्या लीस्बेटकडून मागून घेतला, आठवण म्हणून. हा कोपरा बघ.”

कोपऱ्यात तिसरा जुडगा होता. अर्धा सावलीत. पण गाठी मोजता येत होत्या.

“दहा,” मास्टर म्हणाले. “एकसारख्या. तुझ्याशिवाय कुणाच्या?”

“कधी मिळाला?”

“तीन वर्षं होतील.”

“मग सांगितलं का नाहीत? समितीला... मला तरी?”

“समितीला काय सांगू? मी न बघता शिक्का मारला, हे? ते तर माझंच पाप. बघणं माझं काम होतं, तू कितीही चांगली असलीस तरी. तेवढी शिक्षा माझी होती, ती मी घेतली.” त्यांना दम लागला. त्यांनी नाकावरची नळी नीट बसवली. “आणि तुला काय सांगू? तू दर शुक्रवारी यायचीस. फाटक वाजलं की मला वाटायचं, आज बोलेल. तू पाव ठेवायचीस, हवापाण्याचं बोलायचीस आणि जायचीस. मग वाटायचं, पुढच्या शुक्रवारी. पाव छान असायचा, पोरी. पण पाव नको होता मला.”

मला वाटत होतं मी त्यांची सेवा करतेय. मी दीडशे वेळा त्यांच्या आशेला हात लावून परत गेले होते.

मागे कप वाजले. रोझली कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. तिने ट्रे बाकावर ठेवला. माझा पाव तिने कापून बशीत मांडला होता. एकेक तुकडा उचलून तिने तो माझ्या कापडात परत ठेवला, कापडाची चारी टोकं नीट जुळवली आणि ते माझ्या मांडीवर ठेवलं.

“रोझली, राहू दे,” मास्टर म्हणाले.

“मी काही बोलले का?” मग ती त्यांच्याकडे वळली. “आणि तू? तीन वर्षं? मी ह्या तोंडाने तुला बुडबुडा म्हणत होते, जेवताखाता, आणि तू ऐकून घेत होतास?”

“तू तसं वाईट नाही म्हणायचीस.”

“मूर्ख माणूस,” ती म्हणाली. ती पदार्थ झाकावा तशी त्यांच्या गुडघ्यावरची शाल वर ओढत राहिली, वर होतीच तरी. मग सफरचंदांकडे निघून गेली.

“उद्या आठला सही आहे,” मी म्हटलं. “तुमचे सगळे पाय मोडीत जाणार आहेत. जुळ्याला जाळीचे बसवणार.”

“जाळीचे?” बाकी सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं होतं, हे ऐकून मात्र ते ताठ बसले. “जाळीच्या पायांवर तो काय बघणार? आंधळी कोशिंबीर? नाही, नाही. आठच्या आधी सांग.”

“सांगते.”

“सगळं सांगायचं. वहीसकट. तुझं बांधायचं प्रमाणपत्र काढून घेतील.”

“हो.”

“जुळ्याला हात लावू देणार नाहीत.”

“माहीत आहे.”

“माझं न बघणंही सांग. ते लपवू नकोस, नाहीतर पुन्हा एक गाठ जास्तीची होईल.” त्यांनी छायाचित्र माझ्या हातात दिलं. “आणि मी आहे तोवर सांग. मेल्यावर सगळे गोडच बोलतात, तेव्हा बुडबुडाही माफ होतो. मला माफी नकोय. दुरुस्ती हवीय. एकदा खानावळीतल्या त्या टेबलावर जाऊन बसायचंय आणि सोडा परत पाठवायचाय.”

“मी शपथ घेते, मास्टर...”

“शपथ नको. तू शपथा आणि नेम फार घेतेस. नुसतं हो म्हण.”

“हो.”

“आता जा. रोझली रडते तेव्हा कुणी बघितलेलं तिला चालत नाही.”

रात्री माळ हातात घेतली, पण मणी पुढे जाईनात. दर मण्याला तेच वाटत होतं. एवढ्या प्रार्थना मी कुठे ठेवल्या? आम्ही कॅमेऱ्यावर सोनेरी पांघरूण घालतो ते त्याला जपायला. मी माझं, प्रार्थनांचं, घातलं ते झाकायला. देवाला आळस दिसतो असं आई म्हणायची. इतकी सुरेख बांधलेली भीती त्याला दिसली नसेल का?

आज पहाटे पाचलाच जाग आली. मिस्सेला जायचा काळा झगा नेहमीसारखा इस्त्री केला. छायाचित्र प्रार्थनापुस्तकात ठेवलं, मग तिथून काढून कोटाच्या खिशात ठेवलं. डॉक्टर हार्म्स सातला येतात, साडेसातपर्यंत एकट्या असतात, मग त्यांचे फोन सुरू होतात.

सरोवरावर धुकं होतं. फेरीबोटीचा भोंगा ऐकू आला, बोट दिसली नाही. सायकल मठापाशी पोचली तेव्हा सातला दहा मिनिटं होती. पहिली घंटा झाली होती. सिस्टर लिओबा दारातली पानं झाडत होती. मठात आता सात जणी उरल्यात. मी आठवी म्हणून त्या माझी जागा धरून ठेवतात.

“ये, ये आफ्रा! आज वाचन तुझं आहे.”

बत्तीस वर्षांत तापात आले होते, बर्फात आले होते. आईला पुरलं त्या सकाळीही आले होते.

“आज नाही जमणार, सिस्टर.”

“बरी आहेस ना?”

“हो. एक निरोप द्यायचाय. आधी तो.”

तिने झाडू छातीशी धरला. दुसरी घंटा सुरू झाली. मी कोटाचा खिसा एकदा चाचपला, पेडलवर पाय ठेवला आणि उताराच्या रस्त्याने कारखान्याकडे निघाले.